सिग्नलच्या खटल्यातून सुटलो, पण कशामुळे?

तिरकी रेघ (धागाकर्ता)

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी माझ्यावर लाल सिग्नल तोडल्याचा खटला झाला आणि मी त्यातून सुटलो. ओळखीतल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे, कारण पेपरात आलं होतं. पेपरात आलं ते तसं घडलं नव्हतं, हे मात्र घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नाही. तेवढ्यासाठी हा धागा.

संध्याकाळची वेळ, भुरभुर पाऊस. चौकाकडे येताना हिरव्याचा पिवळा झाला. मी थांबलो नाही. पलीकडच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या हवालदारांनी हात केला. म्हणाले, "लाल होता." मी म्हणालो, "पिवळा होता." ते म्हणाले, "लालच होता." हे तीनदा झालं. त्यांचा आवाज चढला नाही, माझा चढला. जागच्या जागी दंड भरून मोकळं होता आलं असतं. शेजारी बायको होती, ती म्हणाली, भरा आणि चला. मी म्हणालो, कोर्टात बघू.

तत्त्व वगैरे मला नंतर आठवलं. त्या क्षणी नुसता राग आला होता. शाळेत गणित शिकवतो. दिवसभर पोरांना 'सिद्ध कर' म्हणणाऱ्याला भर रस्त्यात 'मी सांगतो म्हणून' असं ऐकावं लागलं की डोकं फिरतं.

मग तयारी. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना टेप घेऊन गेलो. स्टॉपवॉच लावून पिवळा दिवा वीस वेळा मोजला, दर वेळी तीन सेकंद. थांबरेषेपासून विजेचा पहिला खांब तीस मीटरवर. मी त्या खांबाशी असताना दिवा पिवळा झाला. वेग ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. तीस मीटर कापायला सव्वादोन सेकंदही लागत नाहीत. म्हणजे रेषा ओलांडली तेव्हा दिवा पिवळाच असणार. मोठ्या कागदावर स्केल धरून आकृती काढली, तीन रंगांत. बायको म्हणाली, एवढ्या प्रेमाने तुम्ही कधी घराचा नकाशा काढला नाहीत.

तारखा चार पडल्या. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर, दुसऱ्या वेळी हवालदार बंदोबस्तावर, तिसऱ्या वेळी फाइल सापडेना. चौथ्या वेळी पुकारा झाला आणि सहा मिनिटांत सगळं संपलं. हवालदारांनी जबाब दिला, सरळ, काही न फुगवता. मला उलटतपासणी घ्यायची होती, प्रश्न लिहून नेले होते. त्याआधीच न्यायाधीशबाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही उभे होतात तिथून थांबरेषा दिसते का?" ते म्हणाले, "दिवा दिसतो. रेषा नाही दिसत, मध्ये ट्रक उभा होता." बाईंनी पुन्हा विचारलं, "मग दिवा लाल झाला तेव्हा गाडी रेषेच्या अलीकडे होती की पलीकडे, हे कसं सांगता?" ते गप्प राहिले. खरं म्हणजे त्यांनी खोटं बोलून 'दिसत होती' म्हटलं असतं तर मी काय करणार होतो? नाही म्हटलं त्यांनी.

सुटलो. आकृतीची गुंडाळी काखेतच राहिली. तिचा रबरबँडसुद्धा निघाला नाही.

बाहेर पडताना दुसऱ्या कसल्याशा खटल्यासाठी आलेल्या एका बातमीदाराने गुंडाळी पाहून विचारलं, हे काय? मी व्हरांड्यात ती उलगडली आणि पंधरा मिनिटं समजावून सांगितली. शिक्षकाला श्रोता मिळाला की तो सोडत नाही. दोन दिवसांनी शीर्षक: 'गणिताच्या शिक्षकाने समीकरण मांडून जिंकला खटला'. खाली आकृतीचा फोटो.

मी खुलासा केला नाही. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, वर्गाच्या फळ्याशेजारी कात्रण लागलं. अजून आहे.

प्रश्न असा की मला न्याय मिळाला का? आणि मिळाला असेल तर कोणता?

---

पॉपकॉर्नवाला

खुर्ची पकडून ठेवतोय. वकील आणि भौतिकवाले आले की शंभरी नक्की.

---

मिनी

बायकोचं वाक्य सगळ्यात भारी.

---

घर्षणांक

मास्तर, तुमची गोष्ट आधी एकदा घडून गेलेली आहे, बातमीच्या चुकीसकट.

२०१२ साली दिमित्री क्रियुकोव्ह नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने (कॅलिफोर्निया विद्यापीठ, सॅन दिएगो) 'थांबा'च्या पाटीपाशी न थांबल्याच्या आरोपावर चार पानांचा शोधनिबंध लिहिला आणि १ एप्रिलला इंटरनेटवर टाकला. दंड चारशे डॉलरच्या आसपासचा. मुद्दा सुंदर आहे. रस्त्याच्या कडेला लांब उभा असलेला माणूस गाडीचा खरा वेग बघत नाही, नजरेसमोरून ती किती झर्रकन सरकते ते बघतो, म्हणजे कोनीय वेग. एकाच वेगाने जाणारी गाडी लांबून येताना संथ वाटते, अगदी समोर आली की सर्वात वेगवान, मग पुन्हा संथ. याउलट एखादी गाडी जोरात ब्रेक मारून थांबली आणि लगेच निघाली, तर कोनीय वेगाच्या आलेखात दोन उंचवटे आणि मध्ये एक खड्डा दिसेल. आता नेमक्या खड्ड्याच्या क्षणी दुसरी गाडी आडवी आली तर? बघणाऱ्याचं मन दोन उंचवटे जोडून टाकतं आणि तो प्रामाणिकपणे शपथेवर सांगतो की गाडी थांबलीच नाही. इतका जोरात ब्रेक का मारला? तर म्हणे शिंक आली होती.

जगभर बातमी झाली: शास्त्रज्ञ समीकरणाने सुटला. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांनी मात्र नंतर सांगितलं की प्रश्न भौतिकशास्त्राचा नव्हताच, पोलिसाला चौक नीट दिसत होता का एवढाच होता. म्हणजे तुमचा ट्रकच. वर क्रियुकोव्ह स्वतःच म्हणाले की माझ्या युक्तिवादात एक खोट आहे, शोधून दाखवा.

---

उगाचच

चार तारखा म्हणजे चार सुट्ट्या. शिवाय रविवारची पहाट. एवढ्यात दंड किती वेळा भरून झाला असता? तत्त्वाची चैन परवडणाऱ्यांनीच करावी. माझ्यासारखा रोजंदारीवाला पहिल्या तारखेलाच गुन्हा कबूल करतो, केला असो वा नसो.

---

तिरकी रेघ

@उगाचच, हे लागलं, आणि बरोबर लागलं. माझ्या रजा शिल्लक होत्या. त्या व्हरांड्यात माझ्यासारखे अजून तीस-चाळीस जण होते. बहुतेकांनी आत जाऊन मान हलवली आणि पैसे भरून गेले. त्यातले किती जण खरंच चुकले होते, कोण सांगणार?

---

काळा कोट

मी फौजदारी वकिली करते, त्यामुळे दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

पहिली. 'न्याय मिळाला का' हा प्रश्न कोर्टाला विचारून उपयोग नाही, कारण कोर्टापुढे तो प्रश्न नसतोच. 'काय घडलं' हाही नसतो. आरोप शाबीत झाला का, इतकंच. तुमच्या बाबतीत नाही झाला. 'तुम्ही लाल तोडला नाहीत' असं न्यायाधीशबाई म्हणाल्या नाहीत, म्हणणारही नाहीत. अशील सुटल्यावर पेढे वाटतो तेव्हा मी खाते आणि गप्प बसते.

दुसरी. 'न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होताना दिसलाही पाहिजे' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते कुठल्या खटल्यातलं, हे पुष्कळ वकिलांनाही माहीत नसतं. खून नाही, राजद्रोह नाही. वाहतुकीचा खटला! इंग्लंड, १९२३. मॅकार्थी नावाच्या मोटारसायकलवाल्याची टक्कर झाली, धोकादायक गाडी चालवल्याचा आरोप लागला, ससेक्सच्या दंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवलं. त्या कोर्टाचा कारकून एका सॉलिसिटर फर्मचा भागीदार होता, आणि तीच फर्म टकरीतल्या दुसऱ्या पक्षातर्फे याच मॅकार्थीकडून भरपाई मागत होती. निकालाआधी दंडाधिकारी विचारविनिमयाला आतल्या खोलीत गेले, तेव्हा हा कारकूनही कायद्याची अडचण आली तर म्हणून सोबत गेला. दंडाधिकाऱ्यांनी शपथेवर सांगितलं की आम्ही त्याला काहीच विचारलं नाही, तोही काही बोलला नाही. वरच्या कोर्टाने ते मानलं. आणि तरीही लॉर्ड ह्युअर्ट यांनी शिक्षा रद्द केली. आत काय झालं हा सवालच नाही, बाहेरच्याला काय वाटू शकतं हा सवाल.

म्हणजे मॅकार्थीने गाडी कशी चालवली होती? निकालातून कळत नाही. शंभर वर्षं झाली, त्याच्या नावाने जगभर युक्तिवाद होतात आणि तो बेफाम हाकत होता की नाही याची कुणाला पडलेली नाही.

---

पॉपकॉर्नवाला

हे माहीत नव्हतं! ताई, प्रतिसाद जपून ठेवला.

---

अर्धा कप

अभिनंदन मास्तर!! गणिताच्या जोरावर कोर्ट जिंकलंत, आमच्या पोराला दाखवतो हा धागा.

---

मिनी

@अर्धा कप, तुम्ही धागा वाचलात की शीर्षक? ;)

---

जुना बातमीदार

निवृत्त झालो, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. वीस वर्षं उपसंपादकाच्या टेबलावर काढली आहेत. तुमची बातमी माझ्याकडे आली असती तर मीही तेच शीर्षक दिलं असतं, हे आधी कबूल करतो.

ते कसं होतं सांगतो. बातमीदाराने खोटं लिहिलेलं नसतं. तो लिहितो: 'व्यवसायाने गणिताचे शिक्षक असलेल्या आरोपीने पिवळ्या दिव्याच्या कालावधीचे गणित मांडून आपला बचाव तयार केला होता. न्यायालयाने त्यांची मुक्तता केली.' दोन्ही वाक्यं खरी. माझ्या टेबलावर शीर्षकाला जागा दोन ओळींची. पहिलं वाक्य आणि दुसरं वाक्य यांच्यात 'म्हणून' घातलं की शीर्षक तयार. ते 'म्हणून' कुणीच लिहिलेलं नसतं, तरी वाचक तेच वाचतो. 'हवालदारांना रेषा न दिसल्याने शिक्षकाची सुटका' हे शीर्षक खरं आहे, पण सकाळी चहाबरोबर कोण वाचणार? हवालदार प्रामाणिक होते ही खरी बातमी होती, हे आज तुमचं लेखन वाचताना जाणवलं. त्या दिवशी जाणवलं नसतं.

दुसरा रोग म्हणजे बातमीचा उत्तरार्ध. फिनलंडमध्ये वेगाचा दंड उत्पन्नावर ठरतो, इतक्या दिवसांची कमाई अशा हिशेबाने. २००१ साली नोकियाचे एक संचालक आन्सी वान्योकी ५०च्या हद्दीत ७५च्या वेगाने मोटारसायकल चालवताना सापडले. चौदा दिवसांच्या उत्पन्नाचा दंड झाला: १ लाख १६ हजार युरो. ही बातमी जगात छापून आली, मीही लावली होती, चौकटीत. त्यांनी अपील केलं की हिशेब माझ्या जुन्या वर्षाच्या कमाईवर केलाय, त्यात शेअरच्या व्यवहारांचे पैसे होते, आताचं उत्पन्न तेवढं नाही. कोर्टाने ऐकलं आणि दंड ५,२४५ युरोंवर आणला. हे मी लावलं का? नाही. आजही फिनलंडचा विषय निघाला की लोक पहिलाच आकडा सांगतात.

खुलासा न केल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. केला असतात तर आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली, एका बोटाएवढा आला असता.

---

तिरकी रेघ

@जुना बातमीदार, तुम्ही सुटका करू पाहताय, पण होत नाही हो. खुलासा बोटाएवढा आला असता म्हणून केला नाही, असं नव्हतं. मला ते शीर्षक आवडलं होतं. कोर्टात न उलगडलेली आकृती पेपरात उलगडली, याचा आनंद झाला होता. हवालदारांचा त्यात उल्लेखही नव्हता, आणि बातमी अशी होती की कुणी वाचली तर त्यांचं गणित चुकलं असंच वाटावं. त्यांनीही वाचलीच असणार.

---

घर्षणांक

पिवळ्या दिव्याबद्दल अर्धवट राहिलं होतं. हा विषय दिसतो त्याहून खोल आहे.

पिवळा किती वेळ ठेवायचा याचं गणित १९६०च्या एका निबंधात आहे. गॅझिस, हर्मन आणि मॅराडुडिन हे तिघे जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातले. कल्पना साधी. दिवा पिवळा झाला त्या क्षणी चालकापुढे दोन वाटा असतात, थांबणे किंवा निघून जाणे. थांबायला काही किमान अंतर लागतं. जायचं तर लाल व्हायच्या आत रेषेपर्यंत पोचायला हवं. पिवळा आखूड असेल तर रस्त्यावर असा एक पट्टा तयार होतो, जिथे सापडलेल्या माणसाला थांबताही येत नाही आणि वेळेत जाताही येत नाही. नियम पाळायची इच्छा असूनही नियम मोडणं भाग.

तुमच्याच आकड्यांनी बघा. ५०च्या वेगाला सेकंदाला १३.९ मीटर. भान येऊन पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरतात, तेवढ्यात १३.९ मीटर गेले. पुढे सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद अशा सौम्य मंदनाने थांबायला आणखी ३२. एकूण ४६ मीटर. आणि तीन सेकंदांच्या पिवळ्यात तुम्ही जाऊ शकता ४२ मीटर. मधले चार मीटर म्हणजे तो सापळा. पिवळा तीनऐवजी ३.३ सेकंद असता तर सापळा नाहीसा झाला असता. मास्तर, खरी तक्रार तुम्ही इथे करायला हवी होती, त्या ०.३ सेकंदाबद्दल.

अशी तक्रार केली तर काय होतं याचाही दाखला आहे. अमेरिकेत ओरेगन राज्यात, बीव्हर्टन गावी, २०१३ साली मॅट्स यार्लस्ट्रम यांच्या पत्नीला सिग्नलच्या कॅमेऱ्याने पकडलं. हे गृहस्थ मूळचे स्वीडनचे, इलेक्ट्रॉनिक्सचे शिकलेले. सूत्र तपासताना त्यांना दिसलं की त्यात सरळ जाणाऱ्याचाच विचार आहे. वळणाऱ्याला वेग कमी करावा लागतो, म्हणून त्याला जास्त वेळ लागतो, पण पिवळा तेवढाच. त्यांनी राज्याच्या इंजिनिअर मंडळाला कळवलं. मंडळाने गणित तपासलं नाही. परवाना नसताना स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेऊन इंजिनिअरिंग केलं, म्हणून त्यांनाच ५०० डॉलर दंड केला! ते संघीय न्यायालयात गेले. मंडळाने चूक कबूल करून पैसे परत केले आणि २०१८च्या डिसेंबरात निकाल त्यांच्या बाजूने लागला. मूळ निबंधातले मॅराडुडिन तेव्हा हयात होते, त्यांनीही यार्लस्ट्रम यांच्या म्हणण्याला पाठिंबा दिला. २०२० साली वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने नव्या मार्गदर्शक सूचनांत वळणाऱ्यांचा विचार घेतला.

अवांतर: वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा जनक गॅटसोनिडिस हा डच शर्यतपटू. वळणावर आपण किती वेगाने जातो हे मोजून अजून जोरात जाता यावं म्हणून त्याने यंत्र केलं. पोलिसांनी ते पळवलं.

---

पॉपकॉर्नवाला

गणित चुकलंय सांगायला गेला आणि गणित केल्याचा दंड झाला. पॉपकॉर्न सांडलं.

---

सातवा मैल

इथे सगळे मजेत आहेत, मी जरा विरस करते.

माझी मोठी बहीण पादचारी पट्ट्यावरून रस्ता ओलांडत होती. तिच्या बाजूच्या सिग्नलमधला माणूस हिरवा झालेला होता. गाडीवाला म्हणाला, मी निघालो तेव्हा पिवळा होता. दोन साक्षीदार, दोघांनी दोन रंग सांगितले. तो सुटला. शाबीत झालं नाही. काळा कोट ताई म्हणतात ते बरोबरच आहे, तो प्रश्न कोर्टापुढे नव्हता. माझ्या बहिणीच्या पायात अजून सळई आहे. पेपरात तीन ओळी होत्या, 'थोडक्यात'मध्ये, आणि त्यात तिचं वय चुकलेलं.

मी नियमाविरुद्ध लढणाऱ्यांच्या विरोधात नाही. पण अशा गोष्टी नेहमी चालकाच्या जागेवरून सांगितल्या जातात. तो हुशार, पोलीस आडमुठा, शेवटी टाळ्या. आडव्या रस्त्यावर कोण उभं होतं हे कुणीच लिहीत नाही. मास्तर, तुमच्या आकृतीत पादचारी पट्टा काढला होता का?

---

तिरकी रेघ

नव्हता काढला.

उत्तर लिहायला दोन दिवस लागले, माफ करा. काल आकृती काढून बघितली. पट्टा आहे तिथे, मी रोज बघतो, पण कागदावर घेतला नाही. गणिताला लागत नव्हता.

---

उगाचच

@सातवा मैल, तुमच्या ताईंबद्दल वाईट वाटलं. आधीच्या चेष्टेबद्दल सॉरी.

---

काळा कोट

सातवा मैल, तुमच्या बाजूनेही कायदा कधी कधी झुकतो. कॅमेऱ्यात गाडी दिसते, चालवणारा दिसत नाही. तेव्हा मालकाला विचारतात, सांगा कोण चालवत होतं. इंग्लंडमधले दोघे यावर युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले: आम्हाला गप्प राहायचा हक्क आहे, आमच्याच तोंडून आमच्याविरुद्ध पुरावा कसा मागता? २००७ साली मोठ्या पीठाने पंधरा विरुद्ध दोन असा निकाल दिला की एवढं विचारलेलं चालेल. गाडी रस्त्यावर आणलीत म्हणजे काही जबाबदाऱ्या पत्करल्यात. मला तो निकाल पटतो, माझ्या पेशातल्या अनेकांना पटत नाही.

हे उत्तर खोटं दिलं तर काय होतं तेही इंग्लंडनेच दाखवलं. पुढे मंत्री झालेल्या ख्रिस ह्यून यांच्या गाडीचा २००३ मधला वेगाचा गुन्हा त्यांच्या पत्नी विकी प्राइस यांनी स्वतःवर घेतला, म्हणजे यांचं लायसन्स वाचावं. पुढे संसार मोडला, गोष्ट पेपरांपर्यंत गेली, आणि २०१३ साली दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. वेगासाठी नाही, न्यायाच्या कामात खोटेपणा केल्यासाठी.

आणि ज्या देशाने 'होताना दिसला पाहिजे' म्हटलं, तिथेच २०१५पासून किरकोळ गुन्ह्यांसाठी, त्यात वाहतुकीचे कितीतरी, अशी सोय आहे की एक दंडाधिकारी सल्लागाराला घेऊन बंद दाराआड नुसते कागद बघतो आणि निकाल देतो. आरोपीने गुन्हा नाकबूल केला किंवा मागणी केली तर उघडी सुनावणी. हवालदाराला 'तिथून रेषा दिसते का' असं विचारायला तिथे कुणी नसतं.

---

जुना बातमीदार

आणि व्हरांड्यात बातमीदारही नसतो.

---

घर्षणांक

मास्तर, एक शंका, राग मानू नका. रविवारी पहाटे तुम्ही तीस मीटरवरचा खांब मोजलात. पण रस्त्याचे खांब एकटे नसतात. दुसरा किती लांब आहे? आणि दिवा पिवळा झाला तेव्हा आपण नक्की कुठल्या खांबाशी होतो, हे पावसात, गाडी चालवताना, तुम्ही बघितलं होतं का?

---

संपादक मंडळ

वैयक्तिक आरोपांकडे झुकणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. चर्चा विषयाला धरून ठेवावी.

---

मिनी

वरचा माझाच होता. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

तिरकी रेघ

@घर्षणांक, राग नाही. हा प्रश्न कुणीतरी विचारेल असं वाटत होतं. कोर्टात विचारला जाईल म्हणून तर तिसऱ्या तारखेच्या आदल्या रात्री झोप आली नव्हती.

दुसरा खांब साठ मीटरवर आहे. साठ मीटर म्हणजे रेषेशी पोचायला ४.३ सेकंद, दिवा तेव्हा सव्वा सेकंदापेक्षा जास्त वेळ लाल. आणि साठ मीटरवरून आरामात थांबता आलं असतं, तुमच्या ४६च्या हिशेबाने. म्हणजे पहिला खांब असेल तर मी निर्दोष, दुसरा असेल तर दोषी, आणि दोघांच्या मध्ये कुठेतरी तो चार मीटरचा पट्टा.

मला एक खांब आठवतो. ओला, त्यावर कसलंसं फाटकं पत्रक. रविवारी गेलो तेव्हा दोन्ही खांबांवर पत्रकं होती. मी रेषेच्या जवळचा धरला. तेव्हा मुद्दाम धरला असं वाटलं नाही. एवढ्या पहाटे उठून खोटं कोण करेल? पण वीस वेळा दिवा मोजणाऱ्या माणसाने खांब एकदाच मोजला. दुसऱ्याला टेप लावली ती परवा, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, मी फोन बघत होते.

---

काळा कोट

हे इथे लिहिलंत म्हणून खटला पुन्हा उघडणार नाही, एवढं सांगते. बाकी तुमचं तुम्ही बघा.

---

सातवा मैल

विचारू का? मनात कुठला येतो?

---

तिरकी रेघ

दुसरा. पुष्कळदा दुसरा. पत्रकाचा खालचा कोपरा वाऱ्याने हलत होता, आणि पहिल्या खांबावरचं पत्रक चारही बाजूंनी चिकटवलेलं आहे. पण ते मी कित्येक महिन्यांनी बघितलंय, मध्ये कुणी बदललंही असेल.

हवालदार अजून त्याच चौकात असतात. आता दोन पावलं पुढे उभे राहतात, तिथून रेषा दिसते. काल मी पिवळ्याला थांबलो, तर मागच्याने हॉर्न वाजवला.